सात अंशांखाली

रबराला हुडहुडी भरत नाही.
माणसाला भरते, कुत्र्याला भरते,
आमच्या गॅरेजच्या पत्र्याला रात्रभर भरते.
रबर नुसतं गप्प होतं.

हे मी सिग्नेला तीन ऑक्टोबर सांगतोय.
ती ऐकून घेते, मान हलवते
आणि भावाची पिवळी गाडी काढून
डुलूथच्या उतारावरून निघते
हॉस्पिटलच्या धोबीखान्याकडे.
पहाटे साडेपाच. अकरा मिनिटं.
तेवढ्यात इंजिन तापतं, सीट तापते,
रेडिओवरचा हवामानवालासुद्धा तापतो.
टायर तापत नाहीत.
त्यांचा जन्मच निराळ्या कामाचा:
जुलैतलं डांबर, लांबलचक वळण
आणि ऑरिनचा उजवा पाय.

"बर्फ कुठाय, वाइनो?
रस्ता बघ, ठणठणीत कोरडा."
अगं, याचं भांडण बर्फाशी नाही,
पाऱ्याशी आहे.
सात अंशांखाली हा डांबराला
ओळखच दाखवत नाही,
पैसे बुडवलेला मित्र
लग्नात समोर यावा तसा.

मंगळवारी उणे चार होतं.
आभाळ निळंभोर, सरोवरावर वाफ,
लेक अव्हेन्यूच्या पायथ्याशी लाल दिवा.
तिने ब्रेक दाबला, काल दाबला होता तितकाच.
तो तळव्याखाली धडधडला,
पण गाडी निघाली, किंचाळलीही नाही,
ओल्या ओट्यावरून ताट सरकावं तशी,
आणि मीठ टाकणाऱ्या ट्रकच्या मागे
वीतभर अंतरावर थांबली.
ट्रकवाला उतरला. गाडी पाहिली,
वाकून टायर पाहिले, मग तिला.
म्हणाला, "वाइनोकडे जा."
बाकी काही नाही.

तिला म्हटलं, नख रोव याच्यात.
रुतलं नाही. बशीवर रोवल्यासारखं.
आता या हिवाळी टायरमध्ये रोव.
तिने रोवलं, काढलं,
पुन्हा पहिल्याकडे वळली.
पुढच्या डाव्याच्या बाहेरच्या कडेवर
बोट फिरवत राहिली.
"ही झीज त्याची आहे.
वळणं तो अशीच घ्यायचा."

आणि मी तीन वर्षं समजत होतो
की प्रश्न पैशांचा आहे.

तिची रोजची अकरा मिनिटं
तीच झीज पुसत चालली होती,
हे माझ्या जिभेवर आलं होतं.
मी जॅक लावला.

चारही उतरवले. बाहेरच्या शेडमध्ये नाही ठेवले,
कडाक्यात आपटले तर तडकतात.
तळघरात, बॉयलरच्या भिंतीलगत, उभे.
खडूने लिहिलं: पुढचा डावा, पुढचा उजवा.
मागच्या दोघांवर लिहिताना खडू तुटला.

फाटकापाशी तिने काच खाली केली.
"हे फार आवाज करतात."
करू दे, म्हटलं.