खालची ओळ

तुर्भे नाक्याच्या आत, टायरवाल्याला लागून,
पितळी पाट्या कोरणारा बसतो.
अक्षराला बारा रुपये. काना-मात्रा फुकट.
बाबांनी कागद पुढे केला:
दत्ताराम बाळू चोगले,
आणि खाली, मास्टर चीफ पेटी ऑफिसर, भारतीय नौदल.
त्यानं चष्मा कपाळावर सरकवला.
"पेटी म्हणजे? वाजवायची?"

हा प्रश्न आमच्या घरात जुना आहे.
लग्नाच्या बैठकीत आईच्या मामांनीही विचारला होता,
आणि बाबांनी म्हणे अगदी गंभीरपणे सांगितलं,
"हो. तबला दुसऱ्या जहाजावर."

ऑफिसर, पण ऑफिसर नाही.
खलाशी, पण आता खलाशीही नाही.
खांद्यावर सिंह आले
तशी खालच्या डेकवरची पोरं त्यांना बघून पत्ते लपवू लागली,
वरच्यांनी वॉर्डरूमच्या दाराशी हात मिळवला,
आत या म्हणाले नाहीत.
बावीस वर्षं झिजून मिळालेली
जिन्याची मधली पायरी.
तिथे कुणी बसत नाही.

कप्तान दीड वर्षाला बदलत.
एकाला चहा बिनसाखरेचा,
एकाला रविवारीसुद्धा कवायत,
एकाला रात्रीच्या समुद्राची भीती वाटायची
आणि हे फक्त बाबांना ठाऊक.
जहाजाला मात्र चोगलेच माहीत.
कुठला दोर आतून कुजलाय,
कुठल्या कठड्याला ताज्या रंगाखाली गंज आहे,
ते हात न लावता सांगत.

एका पहाटे, कोचीनबाहेर, नांगर टाकताना
चोवीस वर्षांच्या लेफ्टनंटनं घाईत उलटा हुकूम दिला.
साखळी सुटली असती तर चौघांचे पाय गेले असते.
बाबा ओरडले नाहीत.
अर्धं पाऊल पुढे झाले, नेहमीच्या आवाजात म्हणाले,
"सर, आधी पोरं मागे, मग ब्रेक सोडायचा,
असंच म्हणालात ना?"
"हो," लेफ्टनंट म्हणाला. "तेच म्हणालो."
पुढे दोघांनी हा विषय कधी काढला नाही.
मला आईनं सांगितला.
तिला कसा कळला, माहीत नाही.

आता सानपाड्यात, सेक्टर पाचमध्ये,
आमचे चेअरमन बँकेतून निवृत्त, मोठ्या आवाजाचे.
गच्चीवरची फुटकी टाकी दोरानं खाली सोडायची होती.
दोन वॉचमन, एक प्लंबर, आणि चेअरमन म्हणाले, सोडा!
बाबा तिसऱ्या मजल्यावरून अनवाणी वर आले.
"साहेब, खाली खेळणारी मुलं आधी आत घ्यायची,
असंच ना?"
"अर्थात," चेअरमन म्हणाले.
मी गच्चीच्या दारात उभा होतो,
पन्नाशीला आलेला, हाताखाली चाळीस माणसं,
आणि मला तेव्हा कुठे कळलं
की हे वाक्य प्रश्नचिन्हासकट शिकावं लागतं.

तर पाटीवाला थांबला होता. पेन्सिल कानावर.
"नुसतं ऑफिसर लिहू? स्वस्त पडेल."
"नको. ते खोटं होईल."
"मग नौदल, निवृत्त?"
"ते अर्धंच झालं."
शेजारी जुन्या ट्यूब चाचपत
दिवाळ्याचा एक कोळी बसला होता, न राहवून म्हणाला,
"मंजे तांडेल ना? तांडेल लिवा की."
बाबा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले.
मला वाटलं, लिहितील.
"नाही रे," ते म्हणाले,
"तांडेलाच्या हातात सुकाणू असतं."

शेवटी खालची ओळ कोरी ठेवायला सांगितली.
पाटी तेवढ्याच मापाची. पैसे पूर्ण दिले.

सकाळी सहाला बाबा दारात उभे, ब्रासो आणि जुना बनियन.
चार वर्षांत दत्तारामचा द विरत आलाय.
कोरी ओळ मात्र आरशासारखी.
परवा एक कुरिअरवाला आला, बेल दाबली,
त्या पितळेत त्याला स्वतःचा गळा दिसला असावा,
कारण मी दार उघडलं तेव्हा
तो शर्टाचं वरचं बटण लावत होता.