हात धुऊन

नंदुरबारबाहेरच्या पथारीवर
सकाळी आठपासून मी देठ खुडते.
किलोमागे मिळतं ते सांगण्यासारखं नाही.
पुढ्यात मिरचीचा लाल डोंगर,
मागे पाण्याची बाटली, फडक्यात कळण्याची भाकर,
आणि मंगळवार.

मंगळवारी हप्तेवाला येतो.
त्या मंगळवारी माझे दीडशे कमी होते.
सगळ्या बायकांसमोर उसने मागितले,
मान खाली घालून मोजून दिले,
आणि घरी आले तर लोकेशने
तेलाची पिशवी सांडलेली.

पुढचं नीट आठवत नाही.
हात आठवतो. माझाच.
दिवसभराची मिरची भिनलेला,
नखांच्या कडांत तिखट घेऊन गेलेला.
गालावर बसला, डोळ्यापर्यंत पोचला.
मारानं तो थोडाच वेळ रडला,
मग आगीनं.
रात्री दोनपर्यंत मी पदरानं वारा घालत होते
आणि दीडशे रुपयांचा हिशेब
त्या सुजलेल्या पापणीवर काही केल्या जुळेना.

सुपडाबाईंना सांगितलं.
वाटलं, त्या मला झापतील,
नाहीतर म्हणतील, पोरं माराशिवाय वळणावर येत नाहीत,
माझी आई म्हणायची तसं, उलथनं हातात धरून.
त्यांनी मानही वर केली नाही.
"मारनं व्हई ते मार," म्हणाल्या,
"पन हात धोईसन मार."

मिरचीचा हात धुणं म्हणजे काय
ते आम्हालाच ठाऊक.
नुसत्या पाण्यानं आग पसरते.
आधी कोरडं पीठ चोळायचं,
मग तेलाचा थेंब, बोटाबोटांच्या मधे,
मग साबण, परत साबण,
मग हात नाकाशी नेऊन वास बघायचा.
तोवर शेजारीण मीठ मागून जाते,
चहाचं पाणी आटतं,
आणि उंबऱ्यात पोरगं उभं असतं,
सहा वर्षांचं, एवढंसं,
एका पायात चप्पल.
दुसरी हरवली
म्हणून तर मी हात धुवायला बसलेली.

दरवेळी जमतं असं नाही.
एकदा धुतलेल्या हातानंही मारलं.
ते जास्त झोंबलं,
मिरचीवर ढकलता येईना.

हप्ता तसाच आहे. मंगळवारही.

काल आले तर लोकेश दारातच.
एका हातात भरलेला तांब्या,
दुसऱ्यात पिठाची वाटी,
आणि उभा कुठे, तर माझा हात पोचेल
त्याच्या एक पाऊल मागे.
"माय, पहिले हात धोय.
मंग सांगस."

मी तिथंच पायरीवर बसले.
काय फुटलं, काय हरवलं, विचारलं नाही.
दोन्ही तळवे पुढे केले.
पीठ टाकायला
त्याला एक पाऊल पुढे यावंच लागलं.