शून्य ते दहा

बाराव्या दिवशी माझी यादी गेंट शहरापर्यंत आली.
ओडिलॉन दे क्लेर्क, वय एक्क्याऐंशी, निवृत्त ट्रामचालक.
ओट्यावर कागद पसरून मी विचारते:
निर्बंध योग्य वाटतात का?
"शंभर टक्के. आणखी कडक हवेत."
मी खूण करते.

शेजाऱ्यांवर विश्वास?
तिकडे नळ वाहत राहतो जरा वेळ.
मग ते सांगतात, न विचारलेलंच:
गल्लीत पोरं चेंडू खेळत होती, पाच जणं,
पोलिसांना फोन मीच केला.
नियम तो नियम.
आता गल्ली इतकी गप्प
की फ्रिज थांबून पुन्हा घुरघुरतो
तेव्हा दचकायला होतं.

चेंडू माझ्याच अंगणात राहिला.
रोज साबणानं धुतो.
कुणाचा, ते विचारायचं तर
कुणी खिडकीतसुद्धा येत नाही.

याला माझ्या कागदावर चौकट नाही.
शेवटचा प्रश्न, मी म्हणते,
शून्य ते दहा, आज कसं वाटतंय?

"सहा लिहा."
आणि मी फोन ठेवायच्या आत:
"काल चार होते हं.
चेंडूतली हवा गेलीय सकाळपासून.
पंप शोधतोय.
माळ्यावर असेल कुठेतरी."