शुक्रवार जोडून आला

मुक्तिदिन यंदा शुक्रवारी आला
आणि मोप्याच्या विमानतळावर, ड्यूटीच्या तक्त्यात,
माझ्या नावापुढे तीन चौकटी कोऱ्या राहिल्या.
चूकच असावी कुणाची तरी.
मी विचारायला गेले नाही.

एरवी या दिवसांत मी काउंटरवर उभी असते,
लोकांच्या बॅगा काट्यावर घेते,
पंधराच्या वर दोन किलो भरल्या तर हसून सांगते.
मग ते तिथेच उकिडवे बसून बॅग उघडतात:
काजूची पाकिटं, न वाळलेले टॉवेल,
तळाशी मुलांनी लपवलेले शिंपले.
अवघी दुनिया सुट्टीला आमच्याकडे येते.
आम्ही जायचं कुठे?

“घरांच रावया,” प्रेमानंद म्हणाला,
आणि राहिलो.

निहार शाळेतून झेंडा आणि अर्धा पेढा घेऊन आला.
दुपारच्या बसने वास्कोहून सुलक्षा वन्सं, दोन्ही मुलींसकट.
त्या दिवसाचं आणखी काही आठवत नाही.

शनिवारी पोदेराचा भोंगा वाजला.
आठ पोया घेतल्या, घरात सात पोचल्या.
आठवी कुणी खाल्ली
हा वाद ओहोटीपर्यंत पुरला.

केरीच्या खाडीत तिसऱ्या डोळ्यांनी दिसत नाहीत.
टाच रुतवून हळू फिरवायची,
खाली काही टणक लागलं की वाकायचं.
वन्संना माहेरची ही एक गोष्ट अजून येते;
मला दहा वर्षांत जमली नाही.
मी करवंटीने नुसती वाळू उकरते
आणि मुलींच्या बालदीतल्या मोजते.
पलीकडे तेरेखोलची फेरीबोट
चार स्कूटर आणि एक म्हैस घेऊन निघाली होती.
म्हैस आमच्याकडे बघत होती.

जेवणं झाली. भरपूर खोबरं घातलेलं सुकं,
सोलकढीचं पातेलं तळापर्यंत खरवडलेलं.
मग प्रेमानंदने पंखा उघडला.
चवथीपासून तो टिकटिक करत होता,
चवथीपासून प्रेमानंद “बघतो” म्हणत होता.
जोडून झाला तेव्हा चार स्क्रू उरले.
आम्ही सगळे सोप्यावर, गार जमिनीवर,
जिथे जागा मिळाली तिथे आडवे.
सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र होता.
कुणी उठून गेलं नाही.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली, बेळगावची.
काच खाली. गॉगल डोक्यावर.
“ताई, इथे बघण्यासारखं काय आहे?”
सात जणांनी माना उचलल्या.
मला एकही नाव सुचेना.
निहार म्हणाला,
“आमच्या पंख्याचे स्क्रू उरलेत. बघता?”

त्या खरंच उतरल्या.
तळहातावर घेऊन चारही स्क्रू नीट पाहिले,
पाणी प्यायल्या, पायरीवर बसल्या,
चपला काढून बोटं हलवत म्हणाल्या,
सकाळपासून तीन किनारे झाले, अजून दोन आहेत.
डिकीतल्या बॅगा पाहून मी मनातच अंदाज केला:
बावीस. मोठी, निळी, सव्वीस.
निघताना त्यांनी आमच्या घराचा फोटो काढला.
त्यात आम्ही अर्धे झोपलेलेच असू.

रविवारी काही झालं नाही.
पत्ते झाले; प्रेमानंद लबाडी करतो,
आणि पकडला की आपलाच डाव मोडून हसतो.

संध्याकाळी वन्संची पिशवी भरली:
आमसुलं, दोन नारळ, उकडे तांदूळ,
आणि धाकटीचे तिसऱ्यांचे शिंपले, कागदात गुंडाळून.
मी हाताने उचलून सांगितलं, नऊ किलो.
प्रेमानंद मासळीचा ताणकाटा घेऊन आला.
सव्वानऊ.
“जड झाली गो वहिनी,” वन्सं म्हणाल्या.
मी म्हटलं, “अजून बसेल,”
आणि तिसरा नारळ आत ढकलला.

आता पहाटे चारची ड्यूटी.
गणवेश खुंटीला, इस्त्री करून.
चार स्क्रू कमी, तरी पंखा फिरतोय,
अगदी गुपचूप,
आणि टिकटिक नाही म्हणून
मला झोप येत नाही.