तीनशे रुपये रोज

शूटिंगवाल्यांना रांगेत उभं राहायला बायका पाहिजे होत्या.
तीनशे रुपये रोज, दुपारचं जेवण.
गेले मी.
शाळेच्या खोलीचा दवाखाना केलेला,
भिंतीला फवाऱ्यानं मुद्दाम ओल आणलेली.

आमच्या दवाखान्याला ओल नव्हती.
मुजावर बाई दर दिवाळीआधी पदरचे पैसे घालून
चुना मारून घ्यायच्या.

पिक्चरमधला डॉक्टर उंच. जीपमधून उतरतो,
उतरताना चष्मा काढतो. सहा वेळा काढला.
बाई लुनावर यायच्या, विट्याहून,
हँडलला गोळ्यांची पिशवी,
पिशवीवर कापडदुकानाचं नाव.
कुणी विचारलंच, तर लुगडी.

माझा माणूस गलाईला होता, सेलमला.
सोनं गाळायचा.
बारा वर्षांत तीनदा आला.
तिसऱ्यांदा आला तेव्हा अंगठी बोटात राहीना,
दोरा गुंडाळलेला.
तो गेल्यावर सासूनं माझं ताट वेगळं केलं,
मग पेला, मग न्हाणी.

एका संध्याकाळी बाई दारात. रोजा होता त्यांचा.
आत आल्या, कोनाड्यातला माझा पेला घेतला,
माठात बुडवला.
बांग ऐकू येईस्तोवर तसाच हातात धरून बसल्या,
सासूशी जोंधळ्याच्या भावाचं बोलत.
मग प्याल्या.

हे पिक्चरमध्ये नाही.
पिक्चरमध्ये एक बाई मरते
आणि डॉक्टर विहिरीच्या काठावर रडतो.
मुजावर बाईंना रडताना मी पाहिलं नाही.
एकदा सांगलीहून अकरा दिवस गोळ्या आल्या नाहीत,
तेव्हा फोन आपटला होता टेबलावर.
पुढं त्या फोनला कायम चिकटपट्टी.

दिग्दर्शक पोरगेलासा. माझ्याकडं बघून म्हणाला,
या मावशींना मागं घ्या,
पेशंट वाटत नाहीत.
मला हसू आलं. बाई असत्या तर
त्यांना जाऊन सांगितलं असतं.

मेकअपवाल्या मुलीनं डोळ्यांखाली काळं लावलं,
गालाची हाडं काढली,
उघड्या बोटांनी, हळू,
दुखतंय का विचारत.
मी नाही म्हटलं. बाकी काही बोलले नाही.

रात्रीचा सीन.
डॉक्टर रांगेसमोरून चालत येतोय,
सगळे गप्प, आणि फोन वाजला.
कट! कुणाचा आहे?
माझा, म्हटलं. नऊ वाजले.
सतरा वर्षं वाजतोय.

दोन मिनिटं थांबले सगळे.
कनवटीची गोळी काढली, गिळली,
तोंड पुसलं, काळं जाऊ न देता,
आणि परत रांगेत जाऊन
सांगितलं होतं तशी खोकले.