उणे दहा

इरफान कारंज्याहून आला, पेनड्राइव्ह खिशात.
म्हणाला, ताई, ह्या मशीनला आता कोणी विचारत नाही.
नवी सिस्टीम चढवायला घेतली की काळ्या पडद्यावर
एकच ओळ उमटते, शिकल्यासवरल्या पाहुण्यासारखी:
हा प्रोसेसर जुना आहे. मी इथंच थांबते.

बत्तीस बिटांचा. चौसष्ट पाहिजे.

काटाघराच्या मागं बाभळीत
छोट्या गाडीचे रूळ आहेत, अडीच फुटांचे.
त्यांच्यावरून शेळ्या जातात. शेळ्यांना गेज लागत नाही.

"पण बंद त नाही ना पडलं?"
"बंद नाही पडलं, हेच त लफडं हाय, ताई.
पडलं असतं त शेठनं कवाच नवं आणलं असतं."

कुठंतरी कोणी एक माणूस
इतकी वर्षं ह्या जुन्यासाठी रात्री बसत होता,
दर नव्या आवृत्तीत ह्याला एक कोपरा राखत होता.
त्यानं आता हात वर केले.
त्याचं नाव इरफानलाही माहीत नाही.
मी त्याच्या नावानं एक कट चहा जास्त सांगितला.
तोही इरफानच प्याला.

नवं आलं ते तळहाताएवढं,
पंखा नाही, घरघर नाही, फोनातल्या चिपच्या कुळातलं.
जुना वजनाचा प्रोग्राम पुढं केला
तर म्हणालं, ही बोली मला येत नाही.
मग ढोके सरांचं मूळ लेखन शोधलं,
फ्लॉपीवरून कधीतरी उतरवून ठेवलेलं,
आणि इरफाननं ते नव्यासाठी नव्यानं बांधलं.
सर जाऊन सहा वर्षं झाली.

सकाळी काट्यावर कुत्रं झोपलं होतं.
मी न पाहता शून्य केलं.
कुत्रं उठलं, आळस देऊन उतरलं,
आणि रिकाम्या काट्याचं वजन आलं
चारशे एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख
सदुसष्ट हजार दोनशे शहाऐंशी किलो.

बाहेर तुरीचा ट्रॅक्टर उभा. ड्रायव्हर मनोहऱ्या म्हणे,
"बाप्पा! पावती फाडू नका, मी निंगतो."

इरफान फोनवर हसला, मग गप्प झाला.
जुन्यात जो आकडा काठोकाठ भरून उणे व्हायचा,
तो नव्यात पसरतो म्हणाला,
घर मोठं झालं की वजाबाकीचं चिन्ह हरवतं.
एकशे बाराव्या ओळीत बघा.

एकशे बाराव्या ओळीच्या वर
सरांनी मशीननं न वाचायची एक ओळ लिहिलेली,
अक्षरं इंग्रजी, बोलणं आपलं:
उणे आलं त आंधी कुत्रं हाकला.

मी एक शब्द बदलला. पुन्हा बांधलं.
कुत्र्याला बिस्किट दाखवून काट्यावर बसवलं, शून्य केलं, उठवलं.
उणे दहा.

संध्याकाळी जुना डबा, आतलं सगळं काढलेला,
सहज काट्यावर ठेवला.
दहा किलोच्या खालचं त्याला दिसत नाही.
शून्य.
तरी मी पावती काढली.
गाडी नंबरच्या जागी काय लिहावं कळेना.