नात नावाचं तण

तार्तू शहराबाहेर, रेल्वेरुळांच्या अलीकडे
बागेच्या तुकड्यांची वसाहत आहे.
मायमूचा तुकडा बावन्न, एंदेलचा त्रेपन्न.
मध्ये गुडघाभर कुंपण.

तिथल्या भाषेत या तणाला म्हणतात नात.
कानाला आपलं वाटतं, म्हणून लळा लावू नये.
वर पान पोपटी, साळसूद,
खाली मातीत पांढऱ्या सुतळीचा गुंता.
ओढली की टचकन तुटते
आणि बोटभर तुकडा आत राहतो.
तिला बोटभर पुरतो.

मायमूने काय करायचं ठेवलं?
खुरपलं. उकरलं. वाफ्याची माती चाळणीने चाळली.
उकळतं पाणी ओतलं, मीठ टाकलं,
मग तीन वर्षं तिथे कांदा धरला नाही, नात धरली.
दोन उन्हाळे काळं प्लास्टिक अंथरून वर विटा ठेवल्या;
विटांच्या फटीतून ती डोकावली,
झालं का तुझं, असं विचारल्यासारखी.
कुणी म्हणालं, खाऊन टाक, कोवळ्या पानांचं सूप होतं.
एक वसंत खाल्लं.
मायमू कंटाळली, नात नाही.

आणि हे सगळं एंदेलमुळे.
त्याच्या करंटच्या झुडपांखाली हिरवागार गालिचा
आणि हा गडी बाकावर बसून रेडिओ ऐकतो!
"तुझी पिलावळ माझ्या गाजरांत शिरलीय,"
ती कुंपणावरून ओरडायची.
तो टोपी नीट करायचा. म्हणायचा, "हूं."
एकोणीस उन्हाळे दोघांचं बोलणं एवढंच.

मार्चमध्ये, बर्फ असतानाच, एंदेल गेला.
त्याची मुलगी तिऊ तालिनहून आली, किल्ली देऊन गेली:
विकेपर्यंत बघाल का जरा?
मायमूने जूनपर्यंत दम धरला.
मग काटेरी फावडं घेऊन कुंपण ओलांडलं.
आता मुळापासूनच निकाल लावते.

दुसऱ्याच घावाला खाली खण्ण झालं.
दगड असेल. पुढे सरकली. खण्ण.
गुडघे टेकून हातांनी माती बाजूला केली:
छपराचे जुने सिमेंटचे पत्रे,
उभे, कडेला कड लावून,
कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
हातभर खोल पुरलेले.
एंदेलच्या बाजूने मुळ्या येऊन थडकलेल्या,
वळलेल्या, परत फिरलेल्या.
एकही पार झालेली नाही.

मग माझ्याकडे कुठून?

स्वतःच्या बाजूला येऊन तिने एक मूळ धरलं,
न तोडता, बोटांनी माती पोखरत,
गाजरांखालून, बडीशेपेखालून,
थेट गूजबेरीच्या बुंध्याशी.
ती गूजबेरी आईच्या अंगणातली.
बसमधून, मांडीवर बादली धरून आणलेली,
तिथल्या ओंजळभर मातीसकट.

कधी पुरले असतील त्याने?
ती पहिल्यांदा ओरडली त्याच वर्षी?
आणि नंतरही तिचं तण बघून गप्प बसला,
एकदाही बोट दाखवलं नाही.
भला होता, की खडूस?

अकरा वाजले तरी आभाळात उजेड होता.
मायमू त्याच्या बाकावर बसली.
रेडिओच्या बॅटऱ्या कुणीतरी काढून नेल्या होत्या.
डोक्यावरचा रुमाल तिने नीट केला.
"हूं," म्हणाली.

मग उठली,
पत्र्यांवर माती परत लोटली,
पायाने दाबून दाबून घट्ट बसवली.
गूजबेरीचं काय ते उद्या बघू.